उठताना अंधारी आणि मानेतली ‘बीपीची नस’

वेताळटेकडी: पर्वतीवर सकाळी येणाऱ्या ज्येष्ठांसाठी पानभर टिपण करतोय. बाकावरून उठताना काहींना अंधारी येते, पण दवाखान्यात बसून मोजलेलं बीपी १५०/९०! शिवाय ‘मानेतली नस चोळली की बीपी उतरतं’ हा सल्ला फिरतोय. दोन्हींचा संबंध आहे का?

मेड्युला: थेट आहे. कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी कॅरोटिड धमनीला फाटा फुटतो. तिथल्या किंचित फुगीर भिंतीत संवेदी मज्जातंतूंची टोकं असतात. ती दाब नव्हे, भिंत किती ताणली गेली ते ओळखतात. त्यासाठी पिएझो-१ आणि पिएझो-२ ही प्रथिनं लागतात. निरोप मेंदूशी जोडलेल्या बारा मज्जातंतू-जोड्यांपैकी नवव्यातून मेंदूच्या देठात जातो. महाधमनीच्या कमानीतही असेच संवेदक आहेत, त्यांचा निरोप दहाव्यातून.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत-पोटात उतरतं. ताण घटतो, निरोप मंदावतात, नाडी लगेच वाढते. रक्तवाहिन्या आवळायला मात्र काही सेकंद जातात. जुन्या मधुमेहात हे तंतूच झिजतात. वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीत भिंत कडक होते, ताण नीट कळत नाही. म्हणून १५०/९० वाल्यालाही अंधारी.

कफवाला: मोजायची रीत टिपणात घालाच. पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. दंड हृदयाच्या पातळीला हवा. हात लोंबता राहिला तर आकडा फुगतो आणि उतार लपतो. वरचं २० किंवा खालचं १० उतरलं तर डॉक्टरांना दाखवा. वरचं ३० उतरून नाडी जेमतेम ५ वाढली, तर संशय मज्जातंतूंवर. नाडी धाडधाड वाढली तर आधी अंगातलं पाणी आणि गोळ्या बघा. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन ही गोळी मुद्दाम विचारा, तिनेही उठताना बीपी उतरू शकतं. ‘बीपीची गोळी कुठली?’ विचारलं की ती कुणी सांगत नाही.

मेड्युला: आणि मान चोळणं? अजिबात नको. बोटाच्या दाबाने भिंत ताणली की मेंदूला वाटतं बीपी चढलं. हृदय काही सेकंद थांबूही शकतं. धमनीत चरबीचा थर असेल तर तुकडा सुटून मेंदूत जाण्याची भीती. डॉक्टर हे करतात ते ईसीजी लावून, एका वेळी एकाच बाजूला.

वेताळटेकडी: चढून आल्या आल्या फोटोसाठी स्तब्ध उभं राहणं?

कफवाला: तेही वाईट. पोटऱ्या थांबल्या की रक्त वर ढकलणारा पंपच बंद. दोन मिनिटं रेंगाळत चाला. तरी अंधारी आलीच तर फोटो राहू द्या, सरळ पायरीवर बसा.