दोन फासे आणि ८चं टार्गेट: स्किल टेस्टला आणखी काही लागतं का?

फासेबहाद्दर
फँटसी आरपीजीसाठी (टेबलाभोवती बसून पात्रं साकारायचा खेळ) स्वतःची हलकी सिस्टिम लिहितोय. स्किल टेस्ट एका ओळीत बसवली आहे: सहा बाजूंचे दोन फासे टाका, बेरजेत स्किल मिळवा (० ते ३), ८ किंवा जास्त आलं की जमलं. कुलूप उघडायचं असो, तटावर चढायचं असो नाहीतर दरबारात थाप मारायची असो, टार्गेट तेच. जमायची शक्यता स्किल ० ला ४२ टक्के, १ ला ५८, २ ला ७२, ३ ला ८३. आकडा नवा नाही, १९७७ च्या ट्रॅव्हलर या आरपीजीमध्येही ८च होता. अवघडपणाचा तक्ता मुद्दाम ठेवलेला नाही. खेळ थांबवून जीएम (खेळ चालवणारा) पानं चाळत बसतो, ते मला नको आहे. यापेक्षा जास्त नियम लागतातच कशाला? बिनधास्त फाडा.

वीसधारी
फाडतोच. तट कोरडा असो की शेवाळलेला, टार्गेट ८? मग खेळाडूने पाऊस थांबायची वाट का बघावी, दोर तरी का आणावा?
वीस बाजूंचा एकच फासा (डी२०) घ्या. +१ म्हणजे ५ टक्के, विषय संपला. तुमच्याकडे पहिला +१ जवळपास १७ टक्क्यांचा, दुसरा १४ चा, तिसरा ११ चा. टेबलावर बसलेल्या माणसाला हे कळणार कसं? डी अँड डीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पूर्वी चोराची कौशल्यं टक्क्यांत असायची आणि बाकीच्यांचं गणित भलतंच. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळं एका फाशावर आणलं, तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

फासेबहाद्दर
श्वास सोडला, आणि मग काडीपैलवान जादूगाराने राक्षसाशी पंजा लढवला. जादूगार -१, राक्षस +४, दोघांनी एकेक डी२० टाकला. जादूगार २६ टक्के वेळा जिंकतो! चारातून एकदा! तेच बोनस ठेवून दोघांना दोन-दोन षटकोनी फासे द्या, ५ टक्क्यांवर येतं. माझ्या जगात राक्षस हा राक्षसच असला पाहिजे.
शेवाळाचं म्हणाल तर -२ द्या. तेवढं मान्य, पण तक्ता नाही.

वीसधारी
म्हणजे तक्ता आलाच, फक्त जीएमच्या डोक्यात. आणि षटकोनी नव्हे हो, षटफलकी. षटकोनी फासा गडगडत टेबलाखाली जाईल.

पडद्यामागून
मी बहुतेक वेळा जीएम असते, म्हणून बोलते. तुम्ही दोघं फाशाच्या बाजू मोजताय आणि फासा कधी टाकायचा हे कुणीच लिहिलेलं नाही. सिस्टिम तिथे मोडते.
उदाहरण घ्या. चौघांना पहारेकऱ्यासमोरून सटकायचंय. प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे बरेच तरबेज. चौघांनी वेगवेगळी टेस्ट केली तर सगळे सुटायची शक्यता २४ टक्के. उलट बाजूने, चोरदरवाजा शोधताना प्रत्येकाला जेमतेम ३० टक्के, तरी चौघांपैकी कुणाला तरी तो ७६ टक्के वेळा सापडतो. फासा कुठलाही घ्या, लपणं अशक्य आणि शोधणं फुकट.
म्हणून माझे नियम. गटाची एकच टेस्ट. लपताना सगळ्यात धांदरट माणूस टाकतो, शोधताना एकजण टाकतो आणि मदतीला कुणी असेल तर +१. परिस्थिती बदलल्याशिवाय तीच टेस्ट पुन्हा नाही. आणि हरल्यावर काहीच बिघडणार नसेल तर फासा उचलूच नका. निवांत वेळ आहे, पहारेकरी नाही, चोराकडे हत्यारं आहेत? उघडलं कुलूप, पुढे चला.

अर्धंमुर्धं
पण ‘जमलं’ आणि ‘नाही जमलं’ एवढंच का? २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या आरपीजीसारखं करा: ६ पर्यंत फसलं, ७ ते ९ जमलं पण किंमत मोजून, १० किंवा वर झकास. बोनस शून्य असला तरी मधला भाग ४२ टक्के वेळा येतो. कुलूप उघडलं, पण उघडायचा आकडा आतच तुटला आणि जिन्यावर कंदील हलतोय. गंमत तिथेच आहे!

पडद्यामागून
गंमत तुमची, घाम माझा. एका सेशनमध्ये वीसेक टेस्ट होतात. त्यातल्या आठ-नऊ वेळा मी नवी किंमत कुठून काढू? दुसऱ्या तासानंतर सगळ्यांचे आकडे तुटतात आणि सगळ्या जिन्यांवर कंदील हलतात. फसल्यावर काय होईल ते आधी सांगते, तेवढी किंमत पुरते.

फासेबहाद्दर
‘परिस्थिती बदलल्याशिवाय पुन्हा नाही’ आणि ‘गटाची एकच टेस्ट’ उचलतोय. नियम आता तीन ओळींचा. मधला निकाल नको, डी२० तर नकोच.

वीसधारी
मग एवढं सांगा: वरची मर्यादा ३ आहे. माझा चोर दहाव्या सेशनला ३ वर पोचला. पुढे वर्षभर कॅम्पेन (सलग चालणारी एकच गोष्ट) चाललं तर तो काय वाढवणार? डी२० वर +५, +८, +११ असं चढत जाता येतं. तुमच्याकडे +५ दिला की ९७ टक्के, फासा टाकणं निव्वळ उपचार.

फासेबहाद्दर
आकडा वाढणार नाही. ओळखी वाढतील, चोरांच्या टोळीत वजन वाढेल, हत्यारं सुधारतील. आणि माझी सिस्टिम आठ-दहा सेशनच्या कॅम्पेनसाठीच आहे, वर्षभराचं खेळायचं तर दुसरी घ्या.

वीसधारी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर माझा अर्धा विरोध वाचला असता. उरलेला अर्धा त्या शेवाळासाठी, तो कायम आहे.