बार्टल फ्रिअर : पायांपेक्षा हात सांभाळा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या बार्टल फ्रिअर डोंगराबद्दल इथे कुणीतरी म्हटलंय, 'उंची जेमतेम सोळाशे मीटर, फिट माणूस सहज करेल'. हे पटलं नाही. जोसेफीन फॉल्स या धबधब्याकडून निघालात तर सुरुवात जवळपास समुद्रसपाटीच्या पातळीवरूनच होते आणि साडेसात किलोमीटरमध्ये सुमारे दीड हजार मीटर चढावं लागतं. तेवढंच उतरायचंही असतं, आणि मला तरी उतरणंच जास्त नडलं. माथ्याखालच्या मोठाल्या दगडांवर ढग बसला की ते साबणासारखे होतात. मी तर अर्धे बसूनच उतरलो.

बुटांवर इथे बरीच चर्चा झाली, हातांबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. चढावर तोल गेला की हात आपोआप शेजारचं काहीतरी धरतो, आणि क्वीन्सलँडच्या त्या जंगलात नेमकं तेच करायचं नाही. एक तर तिथला वेत. त्याच्या बारीक दोऱ्यांना उलटे काटे असतात; शर्टात अडकला की ओढू नका, एक पाऊल मागे या, आपोआप सुटतो. दुसरं ते डंख करणारं झाड, जिम्पी-जिम्पी. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची मोठी, मऊ दिसणारी पानं, पण त्यावरची काचेसारखी लव कातडीत रुतली की दुखणं महिनोन्महिने परत उठू शकतं. ते उजेडात वाढतं, म्हणजे जिथे झाड पडून वाट मोकळी झालीय तिथे जास्त जपा. लव लागलीच तर चोळू नका. केस काढायच्या वॅक्सपट्टीने उपटून काढतात. जाड हातमोजे आणि दोन पट्ट्या, वजन काहीच नाही.