केनियाहून ४० कडबा कुट्टी मशीनची ऑर्डर येतेय, ६० दिवस उधार मागतोय, द्यावं का?

कुट्टीवाला_कुपवाड:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आपलं छोटं शेड आहे, वडिलांनी चालू केलेलं, ११ माणसं. कडबा कुट्टी मशीन बनवतो, २ आणि ३ एचपी, सिंगल फेज. माल आजवर सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि थोडा बेळगावकडे, बास. पण दोनेक वर्षं झाली इथल्या धंद्यात दम राहिला नाही, अनुदानाची यादी लागेपर्यंत शेतकरी थांबून राहतो आणि यादी लागली की सगळे एकदम दारात, त्यात चायनाचं पत्र्याचं मशीन ऑनलाइन आमच्या कास्टिंगच्या खर्चात मिळतंय.

तर मुद्दा असा की एका साइटवर मशीनचे फोटो टाकले होते, तिथून नैरोबीच्या एका पार्टीचा मेसेज आला, मग दोनदा व्हिडिओ कॉल झाला, माणूस बोलायला बरा वाटला. म्हणतो ४० मशीन पाठवा, ३० टक्के अ‍ॅडव्हान्स देतो, बाकीचे माल पोचल्यावर ६० दिवसांनी. मी आयईसी म्हणजे एक्सपोर्टला लागणारा कोड नंबर काढून ठेवलाय, त्यापुढे एक्सपोर्टमधलं मला ओ की ठो कळत नाही. भाऊ म्हणतो घे ऑर्डर, वडील म्हणतात ज्याचं गाव बघितलं नाही त्याला उधार नाही. घरात रोज जेवताना हाच विषय. कुणी आफ्रिकेत माल पाठवलाय का? काय करावं?

पंपवाला_कोल्हापूर:
वडिलांचं ऐका, निदान पहिल्या ऑर्डरीला तरी.

माझं सांगतो. मी पंपाचे सुटे भाग नायजेरियाला पाठवायचो, लागोसची एक पार्टी होती. पहिली दोन कन्साइनमेंट अ‍ॅडव्हान्सवर, एकदम गोडीत. तिसऱ्या वेळी त्याने ९० दिवस मागितले, म्हटलं ओळखीचा झालाय आता, दिले. माल पोचला २०२३ च्या मेमध्ये आणि जूनमध्ये तिथल्या सरकारने नायराचा बांधलेला भाव सोडून दिला. डॉलरला ४६० च्या आसपास असलेला नायरा बघता बघता ७५० च्या पुढे गेला. आता त्याने माझा माल जुन्या भावाने हिशोब करून दुकानदारांना विकलेला, वसुली नायरात, आणि मला द्यायचे डॉलर. माणूस लबाड नव्हता हो, त्याचा हिशोबच मोडला. पैसे आले पण दीड वर्षाने आणि तुकड्यातुकड्याने, तोवर फाउंड्रीवाल्याचं देणं मी सोनं ठेवून भागवलं.

लोक म्हणतात बिल डॉलरमध्ये आहे ना मग आपल्याला काय फरक पडतो. उधार दिलं की त्यांच्या करन्सीचं ओझं तुमच्याच डोक्यावर असतं. केनियाचा शिलिंगच बघा, जानेवारी २०२४ मध्ये डॉलरला १६० ला गेला आणि दोन-तीन महिन्यात १३० वर परत. इतका हलतो. इथिओपियाने त्याच वर्षी जुलै अखेरीला बिर्र मोकळा सोडला, ५७ वरून काही आठवड्यात १०० च्या वर.

आता तुमचं गणित. ३० टक्के कुठून आलं हे त्याला विचारू नका, स्वतःला विचारा. समजा माल मोंबासाला पोचला आणि त्याने उचललाच नाही, तर बंदरातलं भाडं, डिमरेज म्हणजे उशिराचा दंड, परत आणायचं भाडं, नाहीतर तिथेच दुसऱ्याला पडत्या भावाने विकायचा तोटा, हे सगळं अ‍ॅडव्हान्समधून निघालं पाहिजे. कुट्टी मशीन म्हणजे जड माल, स्वस्त माल. ३० मध्ये ते निघत नाही. ५० मागा, उरलेले बीएलची (जहाज कंपनीची मालाची पावती, ओरिजिनल दिली की माल मिळतो) स्कॅन कॉपी दाखवल्यावर, आणि पैसे खात्यात आल्याशिवाय ओरिजिनल बीएल हातातून सोडू नका. टेलेक्स रिलीज कर, म्हणजे ओरिजिनल न पाठवताच माल सोड, म्हणाला तर पैसे आधी. हा एकच कागद आहे ज्याच्यावर तुमचा जोर चालतो.

आणि उधार द्यायचंच झालं पुढे कधी, तर ईसीजीसीचा विमा घ्या, परदेशी पार्टीने पैसे बुडवले तर त्याचा. १९५७ पासूनची सरकारी कंपनी आहे, ते बायरची चौकशी करून किती रकमेपर्यंत कव्हर देता येईल ते सांगतात. मी तेव्हा प्रीमियम वाचवला. असो.

कागदवाली_ताई_उरण:
मी १४ वर्षं सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते त्यामुळे पैशाचं पंपवाल्या दादांनी सांगितलं ते सोडून बाकीचं सांगते.

कुट्टीवाले दादा, केनियाला माल पाठवताना सगळ्यात जास्त लोक कुठे अडकतात माहितेय का, पीव्हीओसीमध्ये. केनियाचं केब्स म्हणजे मालाचा दर्जा ठरवणारं सरकारी खातं, आपल्या बीआयएससारखं, त्यांनी २००५ पासून पीव्हीओसीचा नियम केलाय की माल निघायच्या आधीच, म्हणजे इथे भारतातच, तपासून सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी (सीओसी) घ्यायचं. त्यांनी नेमलेल्या इन्स्पेक्शन कंपन्या आहेत, त्यांचा माणूस तुमच्या शेडमध्ये येऊन माल बघतो. पहिल्यांदाच पाठवणाऱ्याला प्रत्येक कन्साइनमेंट तपासून घ्यावी लागते, नेहमीचे झाल्यावर प्रॉडक्ट रजिस्टर करून थोडं सोपं होतं. आमच्याकडे एक पार्टी आली होती, कंटेनर सील झाला, शिपिंग बिल म्हणजे कस्टमला द्यायचा एक्सपोर्टचा कागद झाला आणि मग विचारते ताई ते सीओसी काय असतं. आता सील तोडून काय दाखवणार? त्यामुळे पॅकिंगच्या आधी अर्ज टाका, टेस्ट रिपोर्ट लागला तर त्यात दिवस जातात, आणि त्याचा खर्च कोण करणार हे पार्टीशी आधीच बोलून घ्या.

बाकी जीएसटीचं एलयूटी म्हणजे हमीपत्र भरा, फॉर्म आरएफडी ११, म्हणजे एक्सपोर्टवरचा जीएसटी (आयजीएसटी) न भरता माल जातो, ते दर आर्थिक वर्षाला नवीन करावं लागतं. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचं काम करणाऱ्या बँकेचा नंबर) लेटर घेऊन आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या वेबसाइटवर, नोंदवा, त्याशिवाय शिपिंग बिल पुढे सरकत नाही, आणि गावाकडच्या बँकेच्या ब्रँचला एडी कोड म्हणजे काय हेच ठाऊक नसतं म्हणून आठ दिवस हाताशी धरा. लाकडी क्रेट वापरणार असाल तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे कीड मारायची प्रक्रिया केल्याचा, शिक्का असलेलंच लाकूड, आपल्या वखारीतलं चालत नाही. रेट एफओबी (जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च आपला) दिलाय का सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमाही आपलाच) ते बघा, पहिल्यांदा एफओबी न्हावा शेवा द्या, जहाजाच्या भाड्याची डोकेदुखी त्यालाच राहू दे. मोंबासाच्या वाटेत तांबडा समुद्र लागत नाही तरी २०२३ अखेरच्या तिथल्या जहाजांवरच्या हुथी हल्ल्यांनंतर जहाजं लांबून फिरायला लागली आणि भाडी सगळीकडेच चढली होती, तेव्हा सीआयएफ देऊन बसलेले लोक रडत होते.

अजून एक, मशीन पूर्ण जोडून पाठवू नका. २० फुटी कंटेनरमध्ये प्रत्यक्षात २८ क्युबिक मीटरच्या आसपासच माल बसतो, फ्लायव्हील, स्टँड, मोटर वेगळं केलंत तर जागा निम्मी होईल.

साधा_माणूस_नाशिक:
एवढं सगळं करण्यापेक्षा बिहार यूपीत विका की. तिथे पण गायी म्हशी आहेतच. पासपोर्ट नको, बीएल नको.

पंपवाला_कोल्हापूर:
@साधा_माणूस_नाशिक पाटण्याच्या डीलरकडे माझे पैसे नायजेरियापेक्षा जास्त दिवस अडकलेत. बोलू नका.

नैरोबीतला_सातारकर:
धागा उशिरा बघितला. मी इथे नऊ वर्षं आहे, नोकरी दुसऱ्या क्षेत्रात पण कामासाठी किआंबू, न्यांदारुआ भागात कायम फिरणं असतं, तो सगळा दुधाचा पट्टा. दादा, बाजार आहे, खोटं नाही. इथलं बरंचसं दूध छोट्या शेतकऱ्याचं, दोन-तीन गायी, जमीन एकरभर, गायी बांधून ठेवतात आणि नेपियर कापून घालतात, म्हणजे आपलं हत्तीगवत. वीज २४० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे तुमची मोटर आहे तशी चालेल, फक्त प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

पण तुम्ही समजताय की तुमची स्पर्धा चायनाशी. चायना आहेच. खरी स्पर्धा जुआ कालीशी. म्हणजे उन्हात बसून काम करणारे कारागीर, नैरोबीत कामुकुंजीला जाऊन बघा, रस्त्याच्या कडेला अख्खं मशीन वेल्डिंग करून देतात. तुमच्या मशीनइतकं नीट नसतं, आवाज करतं, गार्ड नसतो. पण बिघडलं की त्याच गावातला फुंडी, फुंडी म्हणजे मिस्त्री, तासाभरात चालू करून देतो. भारतातून आलेलं मशीन पातं तुटलं म्हणून गोठ्याच्या मागे गंजत पडलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, एक नाही, बरीच. शेतकरी दुकानदाराकडे जातो, दुकानदार म्हणतो इंडियाहून मागवावं लागेल. संपलं. पुढचा गिऱ्हाईक शेजाऱ्याला विचारूनच येतो.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर ४० पाठवलेच नसते. १० मशीन आणि उरलेल्या जागेत पाती, बेरिंग, बेल्ट, रोलरचे गिअर. बेअरिंगचे नंबर असे ठेवा जे इथल्या दुकानात मिळतात. आणि पार्टीला विचारा तू विकणार कुणाला. नुसता ट्रेडर असेल तर दहा वस्तूंत तुमची एक. इथे दूध सोसायट्या आहेत, आपल्या संघासारख्याच, त्यातल्या काही सभासदाला वस्तू देऊन दुधाच्या बिलातून हप्ता कापतात. त्या लाइनीत ज्याचं बस्तान आहे तो माणूस सोन्याचा. तुम्ही सांगलीचे, तुम्हाला हे गणित शिकवायला नको.

भारतीय हायकमिशनला ईमेल टाकून पार्टीबद्दल विचारा, उत्तर सावकाश येतं पण येतं. आणि जमलं तर एकदा येऊन जा, मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. येण्याच्या १० दिवस आधी यलो फीव्हरचं इंजेक्शन घ्या, कार्ड नसेल तर परत गेल्यावर मुंबईत क्वारंटाइनला बसवतात.

कुट्टीवाला_कुपवाड:
सगळ्यांचे लई आभार, वडिलांना पंपवाल्या साहेबांचं वाचून दाखवलं, दोन दिवस घरात ताठ मानेने फिरतायत.

अपडेट. पार्टीला ५० टक्के आणि बाकी बीएलवर असं कळवलं. आठ दिवस गप्प. काल मेसेज आला की ५० मान्य, १५ मशीन घेतो, पण इनव्हॉइस निम्म्या रकमेचं बनवा, उरलेले पैसे दुबईतल्या त्याच्या चुलतभावाकडून येतील. हे नॉर्मल असतं का? दुसरं, सोसायटीला विकणार का विचारलं तर म्हणाला ते माझ्यावर सोडा.

कागदवाली_ताई_उरण:
नाही. नाही. नाही. दादा, शिपिंग बिलावर जी रक्कम, तीच बँकेत यायला हवी, आणि शक्यतो त्याच पार्टीकडून, नाहीतर बँक तुम्हालाच पत्र लिहिणार आणि ते फेमाचं, म्हणजे परकीय चलन कायद्याचं, लफडं तुमच्या नावावर, त्याच्या नाही. कमी रकमेचं बिल तिकडच्या कस्टमने पकडलं तरी माल अडकणार तुमचाच. आणि उद्या त्याने पैसे बुडवले तर कागदावर तुमचं येणं निम्मंच आहे, भांडणार कशाच्या जोरावर?

पंपवाला_कोल्हापूर:
ताईंना अनुमोदन. सोडा ही पार्टी.

नैरोबीतला_सातारकर:
सोडा. न्यांदारुआत एका सोसायटीच्या स्टोअरवाल्याला मी ओळखतो, त्याला तुमच्या मशीनचा व्हिडिओ दाखवतो, शब्द देत नाही. मला पात्याची लांबी, भोकांचं अंतर आणि स्टीलचा ग्रेड व्यक्तिगत निरोपात पाठवा, आधी इथल्या फुंडीकडून एक पातं बनवून बघतो बसतं का.

कुट्टीवाला_कुपवाड:
पाठवलं. भोकांचं अंतर वडिलांनी स्वतः व्हर्नियरने मोजून दिलंय.