मदत हवी आहे : आईचा थायरॉइड आणि रक्तवाहिन्या

आईचं वय 61. मार्चमध्ये टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा) 38 निघाला, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 192, आणि बीपीचा खालचा आकडा सारखा 95 च्या पुढे. डॉक्टरांनी थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) 25 मायक्रोग्रॅमपासून सुरू केलं. वयामुळे हृदयावर एकदम ताण नको म्हणून डोस हळूहळू वाढवत आहेत. आता 75 वर आहे, टीएसएच 6.

त्यांनी समजावलं की थायरॉइडचा हार्मोन कमी पडला की रक्तवाहिन्या नीट सैलावत नाहीत, म्हणून खालचं बीपी चढतं, आणि यकृत रक्तातलं एलडीएल पुरेसं उचलत नाही. एलडीएल आता 148 आहे. बीपी मात्र अजून 90 च्या आसपास, आणि माझा जीव तिथेच अडकलाय. तिच्या वडिलांना पक्षाघात झाला होता हो.

टीएसएच नॉर्मल झाल्यावर कुणाचं बीपी गोळीशिवाय उतरलं का? किती महिने लागले? कोलेस्टेरॉलची गोळी तेव्हाच सुरू केली की थांबलात? आमचे डॉक्टर थांबा म्हणतात, कारण थायरॉइड कमी असताना स्टॅटिनने (म्हणजे त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने) स्नायू जास्त दुखू शकतात.

आई कॅल्शियमची गोळी सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घ्यायची, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. आता चार तासांचं अंतर ठेवतोय. औषध मनाने बदलणार नाही, फक्त तुमचे अनुभव सांगा.