पाठीतले पाणी तपासायला सांगितले आहे. मनाच्या आजाराशी त्याचा काय संबंध?

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून):
माझी धाकटी बहीण 19 वर्षांची आहे. महिन्यापूर्वी ती आमच्यासोबत कापूस वेचत होती. चार दिवस ताप आणि डोकेदुखी झाली, मग झोप उडाली, जेवणात कोणी विष कालवते असे ती म्हणू लागली, आणि आता तासन्‌तास एकाच स्थितीत बसून तोंड चावल्यासारखे हलवत राहते. मनाच्या आजाराचे औषध दिल्यावर अंग अधिकच ताठरले. गावात बाहेरची बाधा म्हणतात. डॉक्टर म्हणतात, शरीराने स्वतःच्याच मेंदूविरुद्ध प्रतिपिंडे (एरवी रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) तयार केली असावीत, म्हणून पाठीतले पाणी काढावे लागेल. त्याने माणूस लुळा पडतो, या भीतीने आई नकार देते आहे.

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, वर्धा जिल्हा):
आईंची भीती मी शेकडो घरांतून ऐकली आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली घातली जाते. काही दिवस डोके दुखू शकते. लुळेपणा येणे अत्यंत विरळ.

प्रतिसाद (ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर):
तुम्ही सांगितलेली लक्षणे ज्या आजाराकडे बोट दाखवतात, त्याची प्रतिपिंडे डॉ. जोसेप डालमाउ यांच्या गटाने 2007 साली ओळखली. ती मेंदूतील एनएमडीए नावाच्या ग्राहींना (पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना) चिकटतात आणि त्या ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढल्या जातात. याच ग्राही रोखणाऱ्या केटामाइन या भुलीच्या औषधाने निरोगी माणसालाही भास होतात, हे पाहिले की संबंध उमगतो. नुसत्या रक्ततपासणीवर विसंबू नये, कारण प्रतिपिंडे कधी केवळ पाठीच्या पाण्यातच सापडतात. तरुण मुलींमध्ये अंडाशयातील गाठ हे कारण असू शकते, म्हणून पोटाची सोनोग्राफीही करून घ्या. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 577 रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांपर्यंत मागोवा घेता आलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के चांगले सावरले होते, आणि स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन यांसारखे उपचार लवकर मिळालेल्यांना अधिक लाभ झाला. फिट आली किंवा श्वास मंदावला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

प्रतिसाद (एका रुग्णाचा भाऊ, वाशीम):
माझ्या भावाच्या पाण्यात प्रतिपिंडे सापडली नाहीत. त्याला स्किझोफ्रेनिया आहे आणि नेहमीच्या गोळ्यांनीच तो आज शेती सांभाळतो. म्हणून अहवाल कोणताही आला, तरी तुमच्या बहिणीची औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. अंग ताठरल्याचे मात्र त्यांना आजच कळवा.

प्रश्नकर्ती:
परिचारिकाताईंचे उत्तर आईला वाचून दाखवले. तिने सही करायचे कबूल केले आहे, उद्या पहाटेच्या गाडीने बहिणीला घेऊन निघतो. सोनोग्राफीचे मी स्वतः विचारीन.