चर्चा: सायकोडायनॅमिक थेरपी अभ्यासक्रमातून काढायची?

अंतर्वेध
'रोखठोक' यांनी परवा लिहिलं: "सायकोडायनॅमिक थेरपी कालबाह्य आहे, मानसशास्त्रज्ञ आयझेंकने १९५२ मध्येच तिचा निकाल लावला, अभ्यासक्रमातून काढून टाका." खाली हो ला हो करणारे इतके होते की प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: ही फ्रॉइडच्या मनोविश्लेषणातून निघालेली, बोलून करायची थेरपी; दडलेल्या भावना आणि जुन्या नात्यांचे ठसे शोधणारी.

आयझेंकचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. मनोविश्लेषणाने सुधारणा ४४ टक्के, त्याशिवाय ७२. पण ४४ काढताना उपचार अर्ध्यात सोडलेले सगळे नापास धरलेत. त्यांना वगळलं तर आकडा ६६ होतो, आणि हे खुद्द आयझेंकनेच त्या निबंधात नोंदवलंय. ७२ कुणाचे? विमा कंपनीकडे अपंगत्वाचा दावा केलेल्या आणि साध्या डॉक्टरांकडून औषध, धीर, सल्ला घेणाऱ्या लोकांचे. उपचाराविना नव्हेतच ते. गटांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नाही. मग निकाल लागला कसा?

टीका करायची तर आजच्या पद्धतीवर करा. अल्पमुदतीची थेरपी समोरासमोर बसून, आठवड्यातून एकदा, साधारण १६ ते २४ सेशन चालते. पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये एकच फोकस ठरतो. मग मनोविश्लेषक मालनचा त्रिकोण: दडलेली भावना, तिच्यामुळे उठणारी चिंता, आणि चिंतेपासून वाचवणारा बचाव. आधी बचाव दाखवायचा ("रागाचा विषय निघाला की तुम्ही हसता"), मग चिंता, आणि भावनेला हात सगळ्यात शेवटी. तिसऱ्याच सेशनला "तुम्हाला वडिलांचा राग आहे" म्हणालात, तर क्लायंट मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. हे न शिकवता माणसाला क्लायंटसमोर बसवणार का?

रोखठोक
आयझेंकचा आधार कच्चा होता, तो सोडला. मुद्दा सोडत नाही.

बुलिमियावरचा (भरमसाट खाऊन मग उलट्या काढण्याचा आजार) २०१४ चा डॅनिश अभ्यास घ्या. ७० रुग्ण. एका गटाला दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषणात्मक थेरपी, दुसऱ्याला पाच महिन्यांत सीबीटीची (विचार आणि वागणं थेट बदलणारी थेरपी) २० सेशन. पाच महिन्यांनी बिंज (एका वेळी बेसुमार खाणं) आणि उलट्या थांबलेले: सीबीटीत ४२ टक्के, तुमच्याकडे ६. दोन वर्षांनी ४४ आणि १५. विरोधकांनी रचलेला अभ्यास म्हणायचीही सोय नाही, ती थेरपी ज्यांनी आखली तेच संशोधक होते.

ओसीडीत (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा तीच कृती) तर याहून वाईट. हात धुतल्यावर चिंता उतरते, म्हणून धुणं पक्कं होत जातं. ती साखळी तोडायला एक्सपोजर (घाणीला मुद्दाम सामोरं जाणं) लागतं आणि नंतर धुण्यापासून थांबणं लागतं. 'घाण म्हणजे तुमच्यासाठी काय' यावर सहा महिने घालवलेत, तर क्लायंटला घोळत बसायला आणखी एक विषय मिळतो.

आणि क्लायंट हो म्हणाला तर थेरपिस्टने लावलेला अर्थ बरोबर, नाही म्हणाला तर रेझिस्टन्स, म्हणजे त्याच्या मनाचा विरोध. असा सिद्धांत चुकूच शकत नाही, म्हणून तो निरुपयोगी.

मृद्गंध
बुलिमिया आणि ओसीडी, दोन्हीवर सहमत. पहिला उपचार तिथे दुसराच हवा.

शेवटच्या मुद्द्यावर मात्र साफ असहमत. हाच आक्षेप घेऊन फ्रॉइडने १९३७ मध्ये उत्तर दिलंय: क्लायंटचा 'हो' पुरावा नाही आणि 'नाही'सुद्धा नाही, नंतर काय येतं ते बघा. प्रत्यक्षात असं बघायचं की पुढच्या पाच-दहा मिनिटांत नवी आठवण आली का, आवाज बदलला का, न विचारलेला तपशील निघाला का. नुसतं "असेल तसं" आलं, तर तो अर्थ बाजूला ठेवायचा, रेटायचा नाही. रेटणारे आहेत. ते चुकीचं काम करतात.

खडूस_काका
तुमचे त्रिकोण राहू द्या. न आलेल्या सेशनचे पैसे घेता त्याचं बोला. माणूस तापाने पडला तरी पूर्ण फी! आणि तक्रार केली की "या रागाबद्दल बोलूया."

अंतर्वेध
विषय काय, चाललंय काय! तरी सांगतो. फ्रॉइडने १९१३ मध्येच लिहिलंय की ठरलेला तास क्लायंटचा असतो, तो वापरला नाही तरी त्याचाच.

खडूस_काका
फ्रॉइडने लिहिलं की संपलं? तुम्हा लोकांचा हाच रोग आहे.

रोखठोक
काकांशी १०० टक्के सहमत. खऱ्या तक्रारीला ट्रान्सफरन्स (जुन्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टवर उतरणं) ठरवणं ही फसवणूक आहे.

अंतर्वेध
एखाद्या थेरपिस्टने कच्चं काम केलं त्याचं खापर पद्धतीवर फोडताय. वर्कशीट हातात देऊन २० मिनिटांत माणसाला वाटेला लावणाऱ्यांवरून मी सीबीटी मोजू का?

मृद्गंध
दोघेही आवाज खाली आणा. काकांचा प्रश्न आडवळणाचा वाटला तरी थेरपीची चौकट त्यातच आहे.

पहिल्याच सेशनला सांगायचं आणि लेखी द्यायचं: वार, वेळ, ५० मिनिटं, फी, किती तास आधी कळवलं तर पैसे लागणार नाहीत, अचानक आजारपणात काय. थेरपिस्टची सुट्टी काही आठवडे आधी सांगायची. हे आधी सांगितलं नसेल तर न आलेल्या सेशनची फी मागायचा हक्क नाही. चौकट पक्की असली की तिच्यातला बदल दिसतो: सलग तीनदा दहा मिनिटं उशीर, किंवा सगळ्यात महत्त्वाचं वाक्य उठताना दारात. थेरपिस्टच दर आठवड्याला वेळ बदलत असेल तर उशीर कुणाचा आणि कशामुळे, काहीच कळणार नाही.

तक्रार आली तर आधी वस्तुस्थितीला उत्तर द्या: "हो, हे मी सांगायला हवं होतं, पैसे परत." त्यानंतर, क्लायंटला हवं असेल तर, रागाबद्दल. हा क्रम उलटा केला की नातं तुटतं.

खडूस_काका
एवढं लेखी देणार असाल तर हरकत नाही. देत नाहीत म्हणून भांडतोय.

रोखठोक
मग ट्रान्सफरन्स बोलून दाखवायचाच कशाला?

अंतर्वेध
नॉर्वेत नेमकं हेच तपासलंय. १०० रुग्ण, वर्षभर दर आठवड्याला तीच थेरपी, फरक एकच: एका गटात ट्रान्सफरन्सचे अर्थ सांगायचे, दुसऱ्यात टाळायचे. सरासरीत फरक पडला नाही. पण ज्यांची नाती आधीपासून विस्कटलेली, त्यांना सांगण्याचा जास्त फायदा झाला. अंदाज उलटा होता, असे लोक ते पेलू शकणार नाहीत असं मानलं जायचं. म्हणजे तुमचा आवडता 'चुकूच शकत नाही' सिद्धांत इथे तपासला गेला आणि दुरुस्त झाला.

रोखठोक
एक अभ्यास. ठीक आहे, 'काढून टाका' हे शब्द मागे. पण ओसीडी आणि बुलिमियाच्या धड्यांत एक्सपोजर आणि सीबीटी आधी, तुमचं नंतर. हे मान्य नसेल तर चर्चा थांबवू.

अंतर्वेध
त्या दोन धड्यांपुरतं मान्य. व्यक्तिमत्त्वाच्या तक्रारींच्या धड्यावर एक ओळही सोडणार नाही.