गार्सिया द ओर्ता: पुस्तक त्याचं, ज्ञान कुणाचं?

रानमेवा

गेल्या महिन्यात पणजीत चर्चसमोरच्या बागेत तासभर बसले होते. १८५५ सालची ही बाग गार्सिया द ओर्ताच्या नावाने आहे. शेजारच्या बाकावर एक आजोबा नातवाला सांगत होते, "हो व्हड दोतोर आसलो, ताणें आमकां वखदां शिकयलीं." (हा मोठा डॉक्टर होता, याने आपल्याला औषधं शिकवली.) आजोबांना काही बोलले नाही, पण ते वाक्य मनातून जात नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिद या गावी १५०१ च्या सुमारास जन्म. आईवडील ज्यू, सक्तीने ख्रिस्ती केलेले. सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकला, १५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सौझा या पोर्तुगीज आरमारी अधिकाऱ्याचा वैद्य म्हणून गोव्यात आला आणि १५६८ मध्ये इथेच वारला. चौतीस वर्षांत त्याने रोगी तपासले, औषधी द्रव्यं आणि रत्नं जमवली, त्यांचा व्यापार केला, बाग राखली. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचं 'कोलोकियुश' छापून निघालं. हिंग, हळद, वेखंड, भांग, आंबा, फणस, असं एकेक द्रव्य घेऊन रचलेले संवाद.

पुस्तक मोठं आहे, यात वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की त्याने आपल्याला औषधं शिकवली नाहीत, तो आपल्याकडून शिकला. ज्यांच्याकडून शिकला ते वैद्य त्याच्या पुस्तकात 'इथले वैद्य', 'मलबारी वैद्य', 'हे लोक' एवढेच उरतात. हिंदू वैद्यांपैकी संवादात प्रत्यक्ष बोलायला मिळतं ते मालुपा नावाच्या एकाला, तेही चार ओळी. आणि चारशे वर्षं नाणं त्याचंच वाजतंय. शब्दशः. युरो येण्याआधी पोर्तुगालच्या २०० एस्कुदोच्या नाण्यावर तो होता, २० एस्कुदोच्या नोटेवरही होता.

त्या बागेत त्याच्या नावाखाली या वैद्यांचा उल्लेख असलेला फलक हवा. नाहीतर बागेचं नाव बदलावं. तुम्हाला काय वाटतं?

जुनीपानं

रानमेवा, कळकळ पोचली, पण आरोप चुकीच्या माणसावर होतोय.

मी मार्कमचं १९१३ चं इंग्रजी भाषांतर दोनदा वाचलंय. ओर्ता कुठेही 'हे मी शोधलं' म्हणत नाही. समोर रुआनो नावाचं पात्र आहे, युरोपातून नुकताच आलेला, ग्रंथ पाठ असलेला डॉक्टर. तो सारखा दिओस्कोरिदेस आणि गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्यांचे दाखले देतो, आणि ओर्ता त्याला सांगतो की त्यांची भीती मला घालू नकोस, मी पाहिलं तेच बोलणार. ज्या काळात त्या दोघांच्या शब्दाबाहेर जाणं म्हणजे पाखंड होतं, त्या काळात हा माणूस 'ग्रंथापेक्षा इथल्या वैद्याचा हात खरा' असं छापून मोकळा होतो.

पटकीचं प्रकरण बघा. तो लिहितो की या रोगाला इथले लोक 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही त्याचं 'मोर्देशी' करून टाकलं. म्हणजे आपली मोडशी! पोर्तुगिजांनी शब्द बिघडवला हे पोर्तुगीजच सांगतोय. (फ्रेंचांनी त्याचं पुढे 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचं मरण' केलं, ती वेगळी गंमत.) मग इथले उपाय देतो: मिरी आणि जिरं घालून पेज पाजायची, पाय शेकायचे, पेटके आले की हातपाय पट्ट्यांनी घट्ट बांधायचे, विडा चघळायला द्यायचा. माझी आजी मोडशी झाली की पेजेचं पाणी आणि जिरंच द्यायची. तिच्या आधीच्या पंधरा-सोळा पिढ्यांत कुणी हे कागदावर उतरवून ठेवलं असतं का?

आग्रीपाडा

मुंबईकरांनाही या माणसाचं काही देणं लागतं. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आंब्याच्या प्रकरणात त्याचा तिथला कूळ सिमांव तोश्कानो मुंबईहून आंब्याची करंडी घेऊन येतो आणि ओर्ता रुआनोला आपल्या बेटावरच्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या झाडाचं कौतुक सांगतो. आपल्या शहराच्या आंब्याचं इतकं जुनं वर्णन मला तरी दुसरीकडे सापडलेलं नाही.

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचारही त्यानेच केले. शहा त्याला रोगांची अरबी नावं शिकवी, तो शहाला लॅटिन नावं. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. यात लूट कुठे आहे?

रानमेवा

आग्रीपाडा, तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. आंब्याची करंडी आणणाऱ्या पोर्तुगीज कुळाचं नाव आडनावासकट येतं. शहाचं येतं, गव्हर्नरांची येतात, कुणाला काय झालं होतं त्या साहेबांची येतात. आणि पेजेत मिरी किती घालायची हे ज्याने सांगितलं त्याचं नाव येत नाही. नाव लिहायची रीतच नव्हती असं म्हणू नका. रीत होती, कुणासाठी होती ते बघा.

शिवाय ती आंतोनिया. घरातली दासी. ओर्ता हाक मारतो, ती फळ आणते, फांदी आणते, डबा उघडून दाखवते. रुआनोला जे काही हातात घेऊन बघायला मिळतं त्यातलं बरंचसं तिच्या हातून आलेलं. बाजारात, परसात काय कुठे मिळतं हे तिला माहीत होतं म्हणूनच ना? तिचं खरं नाव काय होतं, कुठल्या गावची, काही नाही. आंतोनिया हे बाप्तिस्म्याचं नाव.

तिसवाडी

मी गोव्याचाच. बागेचं नाव बदला म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, ओर्ताचं पुढे काय झालं ते माहीत आहे का?

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारं धर्मन्यायालय आलं. १५६८ मध्ये हा वारला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जिवंत जाळलं. एवढ्याने भागलं नाही. १५८० मध्ये याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. ज्या राजसत्तेचा तुम्ही त्याला प्रतिनिधी म्हणताय तिने त्याला मेल्यावरसुद्धा मातीत राहू दिलं नाही. आमच्या पूर्वजांची देवळं ज्यांनी पाडली त्यांनीच याची हाडं जाळली. त्याला लुटारूंच्या रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. मन दुखतं.

रानमेवा

लुटारू हा शब्द माझा नाही, तिसवाडी. कातारिनाबद्दल मला माहीत होतं आणि ते वाचताना मलाही गलबलून आलं होतं. पण माणूस एकाच आयुष्यात छळलेला आणि लाभार्थी दोन्ही असू शकतो. रात्री दार लावून आपला धर्म पाळणारा तोच, आणि घरात दासी ठेवणारा, राजाकडून बेट घेणाराही तोच. पहिल्याने दुसरं पुसलं जात नाही.

वैद्य_कोकणातला

तीस वर्षं दवाखाना चालवतोय, त्यामुळे थोडं लांबेल, माफ करा.

ओर्ताच्या पुस्तकात अतिसारावरच्या एका मलबारी झाडाचं प्रकरण आहे. अभ्यासकांनी ते झाड म्हणजे आपला कुडा असं ओळखलंय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पावसाच्या तोंडावर पांढऱ्या फुलांचे घोस, मग चवळीसारख्या बारीक लांब शेंगा, नेहमी जोडीने लोंबणाऱ्या. तोडलं की दुधासारखा चीक. औषध सालीत. साल कोयत्याने तिरकी तासायची, बाहेरचा मळकट पापुद्रा खरवडून टाकायचा, आतली तांबूस साल ताकात उगाळायची. इतकी कडू की रोग्याचं तोंड वेडंवाकडं होतं. मला हे कॉलेजात नाही, आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने शिकवलं. त्याला लिहिता येत नव्हतं.

आता दोन्ही बाजूंना सांगतो. रानमेवा, कुटज, म्हणजे हाच कुडा, चरक-सुश्रुतात आहे. ओर्ताने लिहिलं म्हणून आमच्याकडचं काही कमी झालं नाही, कुटजारिष्टाची बाटली आजही माझ्या फळीवर आहे. जुनीपानं, त्याने लिहिलं म्हणून ते वाचलं असंही नाही. ते वाडीतल्या म्हाताऱ्यांनी वाचवलं.

घात झाला तो दुसरीकडे. १५६७ साली गोव्याच्या प्रांतीय धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना हिंदू वैद्यांकडून उपचार घ्यायला मनाई केली. पुस्तक निघून चार वर्षं झाली होती, लेखक अजून जिवंत होता. ज्या वैद्यांची औषधं पुस्तकात गेली त्यांचे रोगी असे हुकमाने तोडले. माझा राग आहे तो या हुकमावर, ओर्तावर नाही. फलक लावायचाच तर हे साल त्यावर हवं.

जुनीपानं

वैद्यबुवा, सालीचं वर्णन वाचून कडू चव जिभेवर आली. १५६७ चा मुद्दा मान्य.

त्याच सालाची आणखी एक गोष्ट सांगतो. १५६७ मध्येच अँटवर्पला क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने ओर्ताच्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप छापला, आणि युरोपभर गेला तो हा संक्षेप. गोव्याची मूळ प्रत छापणाऱ्याच्या चुकांनी भरलेली, शिवाय पोर्तुगीजमध्ये, ती कितीजणांच्या हाती पडणार? क्लुसियसने संवाद काढून टाकले. सरळ वनस्पतींची नोंदवही केली. म्हणजे मालुपा गेला, आंतोनिया गेली, रुआनोची हुज्जत गेली, "मी पाहिलंय" म्हणणारा ओर्ताही जवळजवळ गेला. उरली द्रव्यं. ओर्ताने निदान बोलणारी माणसं ठेवली होती, ती पुसली दुसऱ्याने. रानमेवा, हिशेब मागायचा तर क्लुसियसकडे मागा.

आणखी एक, हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. इन्क्विझिशन येऊन तीन वर्षं झालेली. गुप्तपणे ज्यू असलेला माणूस पुस्तक छापतोय. त्याने अमुक गल्लीतला अमुक वैद्य माझा मित्र असं छापलं असतं तर त्या वैद्याचं भलं झालं असतं का?

रानमेवा

क्लुसियसचं ठाऊक नव्हतं. हे वाचून खरंच थांबले. माझ्या पहिल्या प्रतिसादातली 'चार ओळी' ही तक्रार युरोपाने वाचलेल्या पुस्तकाला लागू होते, ओर्ताच्या पुस्तकाला तितकी नाही. ते मागे घेते.

तर्क मात्र पटला नाही. मग मालुपाचं नाव का छापलं?

आणि नावं देता येतात हे दाखवणारं पुस्तक आहे. मलबारच्या वनस्पतींवरचं व्हान रीडचं 'हॉर्टस मलाबारिकस', १६७८ ते १६९३, बारा खंड. तोही वसाहतीचाच अधिकारी, डच. पण पहिल्या खंडात त्याने इट्टी अच्युतन या वैद्याचं निवेदन नावानिशी छापलं. आणि रंगभट, विनायक पंडित, आप्पु भट या तिघांचं निवेदन चक्क नागरीत, कोकणी भाषेत. हे कोचीचे कोकणी ब्राह्मण, तो समाज मुळात गोव्यातूनच तिकडे गेलेला. गोव्यात छापलेल्या पुस्तकात ज्यांना नाव मिळालं नाही त्यांचे भाऊबंद आम्स्टरडॅममध्ये छापलेल्या पुस्तकात आपल्या लिपीत उभे आहेत. त्या पानाचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडले होते.

जुनीपानं

ते पान मीही पाहिलंय. पण व्हान रीडपाशी अख्खं मलबार होतं, चित्रकार होते, दुभाषे होते. ओर्ताच्या पुस्तकात एक चित्रसुद्धा नाही. तो एकटा होता, आणि शंभर वर्षं आधी होता. माझं मत बदललेलं नाही. बागेचं नाव आहे तेच राहावं. फलकाला विरोध नाही.

तिसवाडी

फलकाला माझाही नाही. पण मालुपा आणि आंतोनिया लिहिणार असाल तर कातारिनाही लिहा. तिची आठवण गोव्यात कुठे कोरलेली मी पाहिलेली नाही.

रानमेवा

लिहू. मालुपा, आंतोनिया, कातारिना, आणि १५६७. मजकूर कोकणीत आणि मराठीत मी करते, तिसवाडी, कोकणी तुम्ही तपासून द्या. नगरपालिकेला अर्ज करायचा तर सह्या लागतील.

वैद्य_कोकणातला

माझी सही धरा. अर्जात कुड्याचं एक झाड लावायची परवानगीही मागा. रोप मी देतो, वाडीच्या वरच्या अंगाला बी पडून आलेली पुष्कळ आहेत. मृगाच्या पावसानंतर लावलं तर धरेल.